तांबड्या पट्ट्यापाशी

मृणाल दाभाडेच्या वर्गातला पडदा आजही अर्ध्यावर काळा झाला, आणि तोही तिच्याच चित्रफितीवर. कड्यावर दोराला लोंबकळत, स्वतःच्या आवाजात तिने ती केली होती. हौसेने तिचे हक्क एका संकेतस्थळाला देऊन बसली, आणि आता स्वतःच्या वर्गात दाखवायलाही तिला कॉपीराइट कायद्यातली अध्यापन-सवलत लागायची. त्यासाठी विद्यापीठाने प्रत्येक पडद्याला ‘पारखी’ जोडला होता. शिक्षकाचं बोलणं, मुलांचे प्रश्न, त्यांच्या नजरा यांवरून तो ओळखायचा, की फीत शिकवली जातेय की नुसती दाखवली जातेय. नुसती दाखवली की सवलत संपली आणि पडदा काळा.

शेजारच्या वर्गात नवी शिक्षिका हेमांगी कोठावळे हीच फीत तासभर चालवायची आणि पडदा लख्ख. मुलं मृणालचा भूशास्त्राचा तास सोडून तिकडे चालली होती. आणखी चार गेली की तिचा वर्गच बंद होणार होता. कालची पोर, दोराला कधी हात लावला नाही, आणि माझ्या जिवावर मिरवते. मृणालच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. हिने यंत्रात काहीतरी खोडसाळपणा केला असणार, तो पकडायचाच, म्हणून ती हेमांगीच्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसली.

हेमांगीने फीत लावली आणि लगेच थांबवली. पडद्यावर लाव्ह्याच्या दोन थरांमधला तांबडा पट्टा होता.

“इथे मॅडम बोलता बोलता अडखळल्यात. का बरं?”

मुलं वादालाच उठली. वरच्या लाव्ह्याने माती भाजली म्हणून लाल, एक म्हणाला. मग ती विटेसारखी कडक का नाही, दुसरीने विचारलं. पडदा लख्खच होता, आणि मृणालला ते बघवेना.

“मॅडम, तुम्ही आलाच आहात, तर सांगा ना,” हेमांगी म्हणाली.

मृणालने उभं राहून फितीतलं पाठ केलेलं निवेदन खणखणीत आवाजात सुरू केलं. मुलांच्या नजरा खाली गेल्या. पडदा मंद होऊ लागला. हेमांगीच्या चेहऱ्यावर कणव होती, आणि तीच मृणालला सगळ्यात जास्त झोंबली.

“मला माहीत नव्हतं,” मृणाल एकदम म्हणाली. “त्या थराचा माझ्या हातात चुरा झाला. भाजलेल्या मातीचा असा चुरा होईल का? पण कॅमेरा चालू होता. पुस्तकातलं बोलले आणि पुढे गेले.”

सगळा वर्ग तिच्याकडे वळला. हेमांगीच्या तासाला, हेमांगीकडे पाठ करून. पडदा पुन्हा लख्ख झाला. मृणालला आधी आनंदच झाला, अगदी दुष्ट आनंद.

मग पहिल्या बाकावरच्या मुलीने शांतपणे विचारलं, “मॅडम, मागच्या वर्षी मी तुमच्याच वर्गात होते. तेव्हा हे का नाही सांगितलंत?”