चार शब्दांची चाचणी

ठरलेले डॉक्टर तापाने पडले नसते, तर मालेनाने अर्जेंटिनातल्या तुकुमानच्या त्या रग्बी शिबिरात पाऊलही टाकले नसते. आणि हंगामापूर्वीची स्मरणचाचणी देण्यासाठी खेळाडू लिसांद्रो तिच्यासमोर बसला नसता. तिने दहा शब्द म्हणून दाखवले. त्याला चारच आठवले.

"एवढेच?"

"तुमच्याकडे बघत होतो, डॉक्टरीणबाई... कानांनी संपच केला."

ती हसली, आणि पुढे डोक्याला मार बसला तर तुलनेसाठी चार हीच त्याची नेहमीची पातळी म्हणून नोंदली गेली.

ऑगस्टात लापाचोची झाडे गुलाबी फुलांनी डवरली, तोवर डॉक्टरीणबाईंची 'मालेना' झाली होती. दक्षिण गोलार्धातल्या चार देशांच्या वार्षिक स्पर्धेसाठी लिसांद्रोची अर्जेंटिनाच्या संघात प्रथमच निवड झाली. शनिवारी त्याच्याच गावात दक्षिण आफ्रिकेशी गाठ होती. मंगळवारी दुपारच्या सरावात एका धडकेनंतर तो लटपटला. मालेनाने नवे दहा शब्द विचारले. त्याने चार सांगितले. नेहमीइतकेच, म्हणून नियमानुसार तो खेळण्यास योग्य ठरला.

संध्याकाळी झाडाखाली त्याने तिचा हात हाती घेतला.

"गंमत ऐकवू? चंद्र, खुर्ची, लोणी, घंटा..." पहिल्या भेटीतले दहाच्या दहा शब्द त्याने ओळीने म्हटले. "तुझ्या आवाजातलं काहीच विसरलो नाही मी. त्याच दिवशी जीव जडला."

तिचे गाल तापले — आणि तत्क्षणी थंड पडले.

"मग तेव्हा चारच का सांगितलेस?"

"सगळेच तसं करतात, वेडे! आधीच कमी सांगितलं, की पुढे डोकं आपटलं तरी कुणी बाहेर बसवत नाही."

"आज दुपारचे शब्द सांग."

"नदी, सुई..." तो अडखळला. "कापूस..." एक फूल त्याच्या खांद्यावर पडले. "आत्ता नको ना, मालेना."

दुपारचे ते चार शब्द हे सोंग नव्हते. तेवढेच त्याच्यापाशी उरले होते.

"मला प्रशिक्षकांना सांगावं लागेल."

"शनिवारनंतर सांग! आई येणार आहे बघायला. ही एक संधी गेली, तर दुसरी मिळेलच असं नाही."

"आणि शनिवारी पुन्हा डोक्याला मार बसला तर? तू उठशीलच असं आहे?"

त्याने तिचा हात सोडला. "मी प्रेमानं सांगितलं, आणि तू पुरावा म्हणून ऐकलंस."

अंधारण्यापूर्वी तिने प्रशिक्षकांना सारे कळवले.

शनिवारी त्याच्या जागी दुसराच उतरला, आणि संघ जिंकला. रग्बीच्या रिवाजाप्रमाणे दोन्ही संघ एकत्र जेवायला बसले. करंजीसारख्या खिमा भरलेल्या एम्पानादांची ताटे फिरू लागली. लिसांद्रो दिव्यांकडे पाठ करून कोपऱ्यात बसला होता. मालेना त्याच्याजवळ गेली.

"डोकं दुखतंय का अजून?"

"नाही, डॉक्टर. तुम्ही उगीच काळजी करता."

तिच्याकडे वळताना उजेडाने त्याचे डोळे मात्र किलकिले झाले. तिने पुन्हा विचारले. त्याने पुन्हा तेच उत्तर दिले, सौजन्याने, हसून. यापुढे तो तिला कधीच खरे सांगणार नव्हता.