तळ न दिसलेली बाटली

ज्या वर्षी भिंगवाल्या बाईंच्या धाकट्या नणंदेला जुळी झाली आणि घरातून झोप नावाची वस्तू हद्दपार झाली, त्याच वर्षी शस्त्रक्रियेच्या वॉर्डातल्या जखमा चिघळू लागल्या.

रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतल्या बाईंना सगळे भिंगवाल्या बाई म्हणत. वीस वर्षं सूक्ष्मदर्शकात बघून त्यांचा डावा डोळा कायम किंचित मिटलेला असे. सोमवारी सकाळी वॉर्डातून फोन आला.

"बाई, लगेच या. तिसरी जखम बिघडली."

तिसरा होता रंगारी. शिडीवरून पडून त्याची मांडी फाटली होती. पट्टीवर हिरवट डाग, अंग तापाने फणफणलेलं. शेजारच्या खाटांवर ट्रकचालक आणि शाळेतल्या बाई. त्यांच्याही पट्ट्यांवर तसेच डाग.

मोठे डॉक्टर खाटेशी उभे होते. समोर बाईंची तीच धाकटी नणंद, वॉर्डातली सिस्टर, हात मागे लपवून.

"हात पुढे करा," डॉक्टर म्हणाले.

तिच्या बोटावर गळू होतं.

"सापडला चोर! याच हातांनी पट्ट्या बदलल्या ना? बाई, या बोटाचा नमुना तपासा. दुपारपर्यंत लेखी हवं. नणंद आहे म्हणून लेखणी अडखळायला नको."

"माझी लेखणी नातं ओळखत नाही, साहेब," बाई म्हणाल्या. आणि गळवातला पू त्यांनी काचेवर घेतला.

आधी जांभळा रंग, मग आयोडीन, मग स्पिरिट, शेवटी लाल. स्पिरिटने धुतल्यावरही जांभळे राहतात ते एका गटातले जंतू. जांभळं सोडून लाल धरतात ते दुसऱ्या गटातले. बाईंनी डोळा लावला. जांभळे गोल दाणे, घोसाघोसाने. गळवातले नेहमीचे, आणि जखमाही बिघडवणारे. त्यांनी तसंच लिहून दिलं.

दारात नणंद उभी होती. "वहिनी, काय निघालं?"

"जे आहे ते."

"म्हणजे गेली माझी नोकरी. सहा महिन्यांची दोन तोंडं आहेत घरात, वहिनी."

"रड नंतर. मी गळू आहे एवढंच लिहिलंय, गुन्हा लिहिलेला नाही."

आणि तेवढ्यात बाईंच्या ध्यानात आलं. संशयिताचं बोट तपासलं, पण जखमांतला पू कोणी पाहिलाच नव्हता! डॉक्टरांनी मात्र गळवाच्या जंतूवरचं इंजेक्शन तिघांनाही चालू केलं होतं.

बाईंनी तिन्ही जखमांतला पू आणला. रंगवला. तीनही काचांवर बारीक काड्यांसारखे जंतू, सगळे लालसर गुलाबी, म्हणजे दुसऱ्या गटातले. जांभळा घोस एकही नाही.

"रंगवताना चूक झाली असेल," डॉक्टर म्हणाले.

"मलाही तसंच वाटलं. म्हणून प्रत्येक काचेच्या कडेला माझ्याच दातांवरचा मळ लावला. तोंडात दोन्ही गटांचे असतात. जांभळे जांभळेच दिसले, गुलाबी गुलाबीच. साहेब, तुमचं इंजेक्शन या काड्यांना लागू पडायचं नाही."

"जंतू वाढवायला नमुने बशांत पेरा, उद्या त्या बशा बघू. तोवर औषध तेच."

बाई नणंदेला घेऊन बाकावर बसल्या.

"या तिघांशिवाय कोणाच्या पट्ट्या केल्यास?"

"खानावळीतल्या आचाऱ्याच्या. हात भाजलाय त्याचा."

"जखम कशी आहे?"

"कोरडी. भरत आलीये."

"त्याला वेगळं काय केलंस?"

"काही नाही. हां, बाकीच्यांच्या जखमा ज्या लोशनने धुते, त्याने त्याला पुरळ उठतं. म्हणून उकळलेल्या मीठपाण्याने धुते."

"आणि शाळेतल्या बाई?"

"त्यांच्या वेळी मी दोन दिवस रजेवर होते. धाकटीला जुलाब होते ना! मी आले तेव्हा जखम बिघडलेलीच होती. सांगितलं साहेबांना, पण ऐकतंय कोण?"

बाई उठल्या आणि थेट औषधखोलीत गेल्या. तिथे कंपाउंडरकाका नरसाळं लावून वॉर्डाची लोशनची तपकिरी बाटली भरत होते. काच कशी धरायची हे बाईंना पहिल्यांदा यांनीच शिकवलं होतं.

"काका, ही बाटली धुता कधी?"

"धुवायला रिकामी तर व्हायला हवी! अर्ध्यावर आली की मी भरतो. तीस वर्षांत माझ्या बाटलीचा तळ कोणी पाहिलेला नाही, पोरी." त्यांनी जुनंच बूच थोपटून बसवलं.

"थोडं लोशन देता? कॅनमधलं दाट आणि या बाटलीतलं, दोन्ही. आणि बुचाचा एक तुकडा."

"घे की. आता लोशनलाही ताप आला का?"

बाईंनी ते सगळं प्रयोगशाळेत नेऊन बशांत पेरलं.

मंगळवारी सकाळी त्यांनी सगळ्यांना प्रयोगशाळेत बोलावलं. टेबलावर बशा मांडल्या होत्या.

"साहेब, चोर सोडून संन्याशाला फाशी होत होती. सिस्टरच्या बोटातले जंतू ही पिवळी बशी. तिघांच्या जखमांतले या हिरव्या. पिवळा ठिपका यात एकही नाही. शाळेतल्या बाईंची जखम सिस्टर रजेवर असताना बिघडली. आचाऱ्याची पट्टी तिनेच केली, तरी त्याची जखम भरत आली. कारण त्याच्या जखमेला लोशन लागलं नाही."

"जंतू मारायच्या औषधात जंतू? काहीतरीच!"

"मूळ कॅनमधलं दाट औषध मी पेरलं. बशी कोरी आहे. बाटलीतलं पाणी घातलेलं पेरलं, हिरवी. बुचाचा तुकडा पेरला, सगळ्यात हिरवी. जुन्या उरलेल्यावर नवं ओतत गेलं, बाटली कधी धुतली नाही. त्या पातळ औषधाला जे पुरून उरले, ते बुचात आणि तळाशी वाढले. मग जखम धुवायची म्हणून आपणच ते आत सोडत होतो."

कंपाउंडरकाकांनी बूच उचललं, उजेडात धरलं.

"वॉर्डाला औषध कमी पडू नये म्हणून भरत होतो गं," ते म्हणाले. मग डॉक्टरांकडे वळले. "साहेब, माझं काय करायचं ते करा. आधी या सिस्टरची माफी मागा, आणि रंगाऱ्याचं औषध बदला."

डॉक्टरांनी दोन्ही केलं. औषध आधी बदललं, माफी नंतर मागितली, तीही पुटपुटत. नणंदेची नोकरी राहिली, फक्त गळू बरं होईपर्यंत तिला पट्ट्यांपासून दूर ठेवलं. काकांनी त्या दिवशी रुग्णालयातली प्रत्येक बाटली ओतून, उकळून उलटी ठेवली आणि औषधखोलीची किल्ली आपण होऊन बाईंच्या टेबलावर आणून ठेवली.

ट्रकचालक आणि शाळेतल्या बाई महिन्याभरात आपल्या पायांनी घरी गेले. रंगारी बुधवारी सकाळी सव्वानऊ वाजता वारला. योग्य औषध सुरू होऊन तेव्हा एक दिवसही पुरा झाला नव्हता.