रेव्हरंड लोरिमर यांची सोबत

आमच्या खाडीवरचं चर्च बंद झालं तेव्हा बाकं, घंटा, सगळ्याला गिऱ्हाईक मिळालं. उरलं ते तिथले जुने पाद्री रेव्हरंड लोरिमर यांचं तैलचित्र. शंभरावर वर्षांपूर्वीचं. काळा कोट, पांढरे कल्ले, मिटलेले ओठ. मी निवृत्त सर्व्हेअर, चर्चमध्ये फारसा कधी गेलो नाही. पण एल्स्पेथ, माझी बायको, गेल्यापासून घरात दुसरा चेहरा नव्हता. म्हणून ते आणून जेवणाच्या टेबलासमोर टांगलं.

शेजारची मोरॅग गरम स्कोन घेऊन आली आणि हसत सुटली. "लक्लन, बरा पाहुणा गाठलास रे! ना खायला मागायचा, ना तुझ्या त्याच त्या गोष्टींना कंटाळायचा."

काही दिवसांनी रेव्हरंडांच्या तोंडापाशी चित्रावरची काच धुरकट दिसली. फडक्याने पुसली, गेली नाही. वाफ आतून होती. चित्र उतरवून काच काढली. कॅनव्हास खडखडीत कोरडा. भिंतीलाही ओल नव्हती. मग काच न लावताच परत टांगलं.

त्याच आठवड्यात मोरॅगने मला कुंपणापाशी गाठलं.

"सकाळी दार वाजवलं तर उघडलं नाहीस. कोणाशी बोलत होतास एवढं? एल्स्पेथचा शेवटचा दिवस, ती काय म्हणाली, तू काय म्हणालास..."

"मी तर सकाळभर धक्क्यावर गळ टाकून बसलो होतो."

"चल! तुझा आवाज मला कळत नाही होय?"

त्या दिवसाबद्दल मी कधीच कोणाशी बोललो नव्हतो.

मग माझा घसा बसत चालला. डॉक्टरांना काही सापडेना. शेवटी चित्र घेऊन जा म्हणून डनीडिन शहरातल्या संग्रहालयाला फोन केला. "जरा मोठ्याने बोला," असं पलीकडची बाई सारखी म्हणत होती. फोन ठेवला आणि वाईट वाटलं. घर पुन्हा रिकामं होणार होतं.

व्हॅन आली. ड्रायव्हरने चित्र ब्लँकेटात गुंडाळून आत उभं केलं, मागचं दार लावलं, आणि पुढे जाऊन बसला.

'जपून ने' म्हणायला मी तोंड उघडलं.

ओठ हलले. आवाज आला नाही. घोगरासुद्धा नाही.

"हो काका, जपूनच नेतो!" ड्रायव्हर म्हणाला.

मी त्याच्या खिडकीपाशीच उभा होतो. त्याने मान मात्र मागे, चित्राकडे वळवली होती.