न तुटणारं वाक्य

चंद्रपूरच्या जलशुद्धी प्रयोगशाळेत सरलक नावाच्या यंत्राने डॉ. रजनी भोयर यांचा शोधनिबंध तिसऱ्यांदा छाटून परत केला, आणि पडद्यावरची वाक्यं वाचून रजनीचं टाळकंच सरकलं. 'जीवाणू फ्लोराइड खातो. पाणी पिण्यायोग्य होतं. उष्णता धोक्याची नाही. नायट्रेट धोक्याचं नाही.'

ती तडक संचालकांच्या खोलीत गेली. वाक्यं तोडणारं हे यंत्र डॉ. दिगंबर सातपुते यांनीच पंधरा वर्षांपूर्वी आणलं होतं. त्यांचं अगदीच चुकलं होतं असंही नाही. त्या काळी संशोधक एकात एक अडकवलेली अशी लांबलचक वाक्यं लिहीत, की आपल्या हाती काहीच लागलेलं नाही हे खुद्द लिहिणाऱ्यालाही कळत नसे. सरलकाने ती चैन बंद केली. एका वाक्यात एक क्रिया, एक कारण. बाकीचं तोडायचं, प्रत्येक तुकडा प्रयोगाच्या आकड्यांशी ताडायचा आणि खोटा निघाला तर पुसून टाकायचा.

"यातलं कुठलं वाक्य खोटं आहे?" सातपुत्यांनी विचारलं.

"एकही नाही, म्हणून तर आले," रजनी म्हणाली. "नुसत्या उष्णतेने या जीवाणूचं काही बिघडत नाही. नुसत्या नायट्रेटनेही नाही. पण पाणी तापलेलं असताना शेतातलं खत झिरपून नायट्रेट आत आलं, की हाच जीवाणू विष सोडतो. माझे उंदीर मेले, सर."

"मग तसं लिहा ना."

"लिहिलं. यंत्राने दोन तुकडे केले. उष्णता विषारी, नायट्रेट विषारी. दोन्ही आकड्यांशी जुळले नाहीत, दोन्ही पुसले गेले."

सातपुते हसले. "मॅडम, खऱ्या वाक्यांतून खोटं कसं निघेल? पुढच्या आठवड्यात जीवाणू गावांच्या टाक्यांत सोडायचा आहे. मंत्र्यांची तारीखही मिळाली आहे."

"एप्रिल आहे सर. त्या टाक्यांतल्या पाण्याने हात पोळतो. लेकरं पिणार आहेत ते."

सातपुत्यांनी दुसरी फाइल उघडली. बोलणं संपल्याची ती खूण होती.

रजनी रागाने जागेवर परतली. त्या रागातच तिने सगळा निबंध पुन्हा लिहिला, आणि तोही एकाच वाक्यात. उष्णतेच्या पोटात नायट्रेट, नायट्रेटच्या पोटात काळवेळ, आणि सगळ्यांना धरून ठेवणारं क्रियापद थेट शेवटी. कुठेही कापलं तरी हातात अर्थाचा कपटाही येऊ नये, अशी त्याची वीण होती. सरलक बराच वेळ घुमत राहिला आणि त्याने उत्तर दिलं, 'तोडता येत नाही.'

अशा निबंधासाठी नियम होता, पण तो वापरायची वेळ आजवर आली नव्हती. निबंध संचालकांनी स्वतः वाचायचा, आणि त्यांचा निर्णय होईपर्यंत योजना थांबवायची.

सातपुते मोठ्याने वाचू लागले. अर्ध्यावर त्यांचा आवाज मंदावला. शेवटाला पोचून त्यांनी मान वर केली.

"विष... नक्की कोण सोडतं?"

"त्यातच लिहिलंय."

त्यांनी पुन्हा वाचलं. शेवट हाती येईपर्यंत सुरुवात निसटून गेली होती. माणूस मठ्ठ नव्हता, पण पंधरा वर्षं सगळं ज्ञान त्यांना घास करून भरवलं गेलं होतं. एक गोष्ट मनात धरून दुसरीची वाट पाहायची सवयच उरली नव्हती. त्यांनी दोघा उपसंचालकांना बोलावलं. तेही त्याच जागी अडखळले आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

"हे तोडून द्या," सातपुते म्हणाले. त्यांच्या आवाजात आता भीती होती.

"नाही."

"मला कळलंच नाही तर मी निर्णय कसा देऊ?"

"नका देऊ." रजनीने खुर्ची ओढली आणि त्यांच्यासमोर ठाण मांडलं. "कळलं नाही तर योजना थांबलेलीच राहील, आणि कळलं तर तुम्ही स्वतःच ती थांबवाल. वाचा सर, पहिल्यापासून."