न फेकलेला डार्ट

डार्ट अजून कैवल्य ढमढेरेच्या बोटांतच होता, आणि सगळं स्टेडियम हळहळलं.

"अरे, फेकू तर द्या की त्याला आधी!" शरयू बोंद्रे खुर्चीतून अर्धवट उठत ओरडली. पुढच्या रांगेत भेळ खाणाऱ्या माणसानं वळून पाहिलं आणि पुन्हा मंचाच्या पुढच्या कडेवर उंच टांगलेल्या पडद्याकडे मान उंचावली. पडद्यावर आकडा होता चौदा. म्हणजे हा डार्ट हव्या त्या जागी लागण्याची शक्यता शंभरात चौदा.

याला पूर्ववेध म्हणत. खेळाडूच्या मनगटावर एक पातळ पट्टी असे, ती स्नायूंचा ताण मोजे. चहूबाजूंचे कॅमेरे त्याचा श्वास, कोपराची उंची, नजर कुठं रेंगाळते ते टिपत. त्याच्या आजवरच्या सगळ्या फेकींशी हे ताडून पाहिलं, की डार्ट हातातून सुटायच्या आधीच त्याचं भविष्य पडद्यावर उमटे. पूर्वी लोक बोर्डाकडे बघून टाळ्या वाजवत. आता पडद्याकडे बघून वाजवत.

ढमढेरेनं डार्ट सोडला. तो बोर्डाच्या अगदी बाहेरच्या बारीक कड्यात, जिथं गुण दुप्पट होतात तिथं, जाऊन रुतला. पाचशे एकवरून मोजत मोजत शून्यावर यायचं आणि शेवटचा डार्ट त्या कड्यातच मारायचा, हा डार्ट्सचा नियम. ढमढेरे शून्यावर आला होता. स्टेडियम दणाणलं.

"बघितलंस?" शरयू शेजारी बसलेल्या भाचीला म्हणाली. "चौदा म्हणे!"

शाल्मली टाळ्या वाजवत होती, पण तिच्या चेहऱ्यावर आनंदापेक्षा कोडं जास्त होतं.

शाल्मली चौदा वर्षांची. सांगलीत शरयूचं मोटार ड्रायव्हिंग स्कूल होतं. त्याच्या ऑफिसात दाराच्या मागे टांगलेल्या बोर्डावर ही पोर फेकायला शिकली होती. शिकवलं शरयूनंच. रविवारी ऑफिस बंद असलं की दोघी आत्या-भाची दार लावून खेळत आणि भिंतीला भोकं पाडत. आता शाल्मली राज्याच्या कुमार स्पर्धेत उतरली होती. एरवी तिच्याबरोबर तिचे वडील जात. या वेळी त्यांना रजा मिळाली नाही, म्हणून नाशिकला शरयू आली. शनिवारी व्यावसायिकांची स्पर्धा बघायची, रविवारी पोरीची, असा बेत होता.

सामना संपल्यावर कठड्याशी मुलांची झुंबड उडाली. ढमढेरे मुलांच्या टोप्यांवर, टी-शर्टांवर सह्या करत होता. शाल्मलीनं आपली टोपी पुढं केली आणि विचारलं, "दादा, तुमचा आकडा चौदा होता. भीती नाही वाटली?"

"चौदा होता?" तो हसला. "मला कुठं माहीत? पडदा आमच्या पाठीमागं असतो."

"मुद्दाम?"

"मग! पहिल्या वर्षी समोरच होता. चांगले चांगले खेळाडू बाद झाले त्या वर्षी. आधी आकडा बघायचा आणि मग फेकायचं. चार दिवसांत हात तुझं ऐकायचा बंद होतो, आकड्याचं ऐकायला लागतो. आम्ही सगळ्यांनी संप केला, तेव्हा कुठं पडदा मागं गेला."

शाल्मलीनं टोपी परत घेतली. "आमचा समोर असतो," ती म्हणाली.

ढमढेरेचं पेन थांबलं. "समोर म्हणजे?"

"बोर्डाच्या वरच."

त्यानं शरयूकडे पाहिलं. काहीतरी बोलणार होता, पण तेवढ्यात आयोजकांच्या माणसानं त्याला पुढं रेटलं. जाता जाता तो एवढंच म्हणाला, "ताई, उद्या तुम्ही बघाच."

संध्याकाळी डोसा खाताना शरयूनं विषय काढला. "तुझ्या बाबाला ठाऊक आहे हे?"

"सगळ्यांच्या बाबांना ठाऊक आहे, आत्या. त्यात काय? उलट गुण मिळतात."

"कसले गुण?"

"वास्तवभानाचे. आकडा दहाच्या खाली गेला की डार्ट फेकायचा नाही, ताटलीत ठेवून द्यायचा. म्हणजे तो डाव सोडला. पण मग वास्तवभानाचा गुण मिळतो. क्रीडा प्रबोधिनीच्या निवडीला तो धरतात."

"म्हणजे हार मानल्याचं बक्षीस!"

"हार नाही गं. वास्तवभान." शाल्मलीनं हा शब्द असा म्हटला, जणू पुस्तकातली व्याख्या पाठ म्हणत होती. शरयूनं उरलेला डोसा बाजूला सारला.

रविवारी कुमारांची स्पर्धा शेजारच्या लहान दालनात होती. भिंतींना ओळीनं बोर्ड, प्रत्येक बोर्डाच्या वर हातभर रुंदीचा पडदा, आणि रेघेशेजारी उंच तिवईवर निळ्या मखमलीची ताटली. शरयू गॅलरीत बसली. पहिल्यांदा तिला खटकली ती शांतता. इतकी मुलं खेळतायत आणि आरडाओरडा नाही, चुकचुकणं नाही, चुकल्यावर डोक्याला हात लावणं नाही. मग तिला मुलांचे डोळे दिसले. रेघेवर आलेलं प्रत्येक पोर आधी वर बघायचं, मग बोर्डाकडे.

एका बारक्या मुलानं हात उचलला, वर पाहिलं आणि डार्ट अलगद ताटलीत ठेवला. शरयूच्या शेजारच्या माणसानं टाळ्या वाजवल्या. "शाब्बास! शहाणा आहे माझा."

"काय शाब्बास?" शरयू उसळली. "त्यानं काही केलंच नाही!"

"तेच तर, मॅडम. उगाच हात मारत बसला नाही."

शरयूच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पहिल्या दिवशी सगळ्यांचेच हात थरथरत. चढावर गाडी मागं सरकली की बायका रडायच्या, पुरुष शिव्या घालायचे, आणि पंधरवड्यानं तीच माणसं त्याच चढावरून गाणी म्हणत जायची. पहिल्या दिवशी त्यांच्यासमोर असा आकडा लावला असता, तर त्यातल्या एकानं तरी पुन्हा स्टिअरिंगला हात लावला असता का? विचारानंच तिचं डोकं तापलं. ताटल्यांत डार्ट पडत राहिले आणि टाळ्या वाजत राहिल्या. प्रत्येक टाळी तिला कानाखाली बसल्यासारखी लागत होती.

शाल्मली मात्र छान खेळली. दुपारी ती उपांत्य सामन्यात पोचली. समोर चंद्रपूरचा नीलय उईके, तिच्याहून वीतभर उंच मुलगा. शेवटच्या, निर्णायक डावात शाल्मलीचे सोळा उरले होते आणि हातात तीन डार्टांच्या पाळीतला अखेरचा डार्ट होता. आठाच्या कड्यात मारला की सामना तिचा. नीलयचे अजून चाळीस बाकी होते.

तिनं वर पाहिलं. पडद्यावर नऊ होते.

शरयूनं ते आपल्या डोळ्यांनी पाहिलं. आकडा दिसताच पोरीचा खांदा उतरला, कोपर ढिलं पडलं, आणि नवाचे सात झाले. मग शाल्मलीनं डार्ट ताटलीत ठेवला आणि पंचांकडे बघून मान झुकवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"थांबा!"

गॅलरीच्या पायऱ्या शरयू कशी उतरली ते तिचं तिला कळलं नाही. ती थेट रेघेवर पोचली. "ही डार्ट फेकणार आहे. सामना संपलेला नाही."

"मॅडम, आपण बाहेर या," पंच म्हणाले. तोवर स्पर्धेचे संचालक डॉ. केळुसकर लगबगीनं आले. गोरेगोमटे, मृदू बोलणारे गृहस्थ. त्यांनी शरयूला खुर्ची देऊ केली. तिनं ती पायानं मागं सरकवली.

"मोठ्या खेळाडूंनी संप करून जो पडदा मागं नेला, तो तुम्ही पोरांच्या तोंडासमोर लावलात. का?"

"त्यांच्या भल्यासाठीच," केळुसकर म्हणाले. "ते व्यावसायिक आहेत, त्यांना थरार विकायचा असतो. आम्हाला मुलं घडवायची आहेत. सगळ्यांसमोर चुकण्याचा मुलांच्या मनावर किती ताण येतो, तुम्हाला कल्पना आहे? पूर्ववेध तो ताणच काढून टाकतो. शिवाय वेळ वाचतो."

"एक डार्ट चुकला म्हणून डाव संपतो होय? समोरचाही चुकतो की!"

"मॅडम, भावनेचा प्रश्न नाही हा. कुमार गटात यंत्रानं दहाच्या खाली आकडा दाखवला, तर शंभरातले अठ्ठ्याण्णव डार्ट खरोखरच चुकतात. व्यावसायिकांपेक्षाही आमचं भाकीत अचूक आहे."

शरयूनं ताटलीकडे बोट दाखवलं. "हा डार्ट तुम्ही कशात मोजणार?"

"कुठला?"

"हा. पोरीनं न फेकलेला."

"चुकलेल्यांत," केळुसकर म्हणाले. "साहजिकच."

दालनात कुजबुज सुरू झाली. मघाचा टाळ्या वाजवणारा बाप कठड्यावरून वाकून ऐकत होता.

"साहजिकच!" शरयूचा आवाज चढला. "पोरांना सांगायचं, तू चुकणार, फेकू नकोस. ती बिचारी ऐकतात. मग तुम्ही म्हणायचं, बघा, आम्ही बरोबर होतो! आणि पुढच्या वेळी त्याच पोराला त्या न फेकलेल्या डार्टामुळं आणखी खालचा आकडा दाखवायचा. अहो, हे भाकीत आहे की फास? शंभरातले किती खरंच फेकले होते, सांगा ना! आहे माहिती?"

केळुसकरांनी चष्मा काढून पुसला. "ती आकडेवारी वेगळी ठेवलेली नाही," ते म्हणाले, आणि सुरक्षारक्षकांना हात केला.

शरयूनं शाल्मलीचं मनगट धरलं. "उचल तो डार्ट. फेक. मी आहे इथं."

"नको, आत्या."

"फेक म्हणते ना!"

"नको!" शाल्मलीचे डोळे भरून आले होते. "सगळ्यांसमोर चुकायला लावू नकोस मला. यंत्रानं ठेव म्हटलं, तू फेक म्हणतेस. मला कुणी विचारलंय का?"

शरयूनं हात सोडला. पोरीच्या मनगटावर पट्टीशेजारी तिच्या बोटांचे लाल वळ उठले होते. इतका वेळ फणफणणारा तिचा राग एकाएकी तिच्यावरच उलटला, आणि तिला तोंड वर करवेना. रक्षक जवळ आले, तेव्हा ती त्यांच्याबरोबर निघण्यासाठी वळलीसुद्धा.

तेवढ्यात नीलयनं पंचांची खुर्ची ओढली, तिच्यावर चढला आणि अंगातलं जाकीट काढून पडद्यावर टाकलं. आकडा झाकला गेला.

"काय करतोस हे?" पंच ओरडले.

"मला नाही असं जिंकायचं," नीलय म्हणाला. "घरी जाऊन काय सांगू? समोरच्या पोरीनं ताटलीत ठेवला म्हणून जिंकलो?" मग शाल्मलीकडे बघून तो म्हणाला, "तुला नसंल फेकायचं तर नको फेकू. पण आता वर काहीच नाही. बघ."

शाल्मलीनं मनगटावरची पट्टी सोडून मखमलीवर ठेवली आणि डार्ट उचलला. वर बघायची सवय इतकी भिनली होती, की तिची मान तरीही एकदा उचललीच. वर नुसतं एका मुलाचं जाकीट लोंबत होतं. तिला हसू फुटलं. हसतच तिनं फेकलं.

डार्ट कड्याच्या तारेला घासून बाहेर रुतला. केसाएवढं अंतर असेल.

"पाहिलंत?" केळुसकर हळूच म्हणाले.

"थांबा की," शरयू म्हणाली. "डाव चालू आहे अजून."

नीलयनं आपले तिन्ही डार्ट फेकले आणि तिन्ही चुकला. शेवटचा तर बोर्ड सोडून भिंतीत घुसला. शेजारच्या बोर्डांवरची मुलं जमली होती. कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि एकदम सगळं दालन हसायला लागलं, नीलयसुद्धा. शाल्मली पुन्हा चुकली. दोघं चुकत राहिली, चरफडत राहिली, एकमेकांना चिडवत राहिली. अखेर नीलयचा डार्ट कड्यात बसला, तेव्हा शाल्मलीनं स्वतःच्या कपाळावर मारून घेतलं आणि मोठ्यानं "शी!" म्हणाली. सकाळपासून त्या दालनात तसला आवाज उमटलाच नव्हता.

दोघांनाही बाद ठरवण्यात आलं. केळुसकरांनी ते अतिशय सभ्य शब्दांत जाहीर केलं. मघाचा बाप शरयूजवळ येऊन म्हणाला, "तुमच्यामुळं त्या दोघांचं वर्ष गेलं." पण तो वळल्यावर शरयूनं पाहिलं, तर त्याचा बारका मुलगा रेघेवर उभा होता. कुणाचातरी टॉवेल त्यानं पडद्यावर टाकला होता आणि तो एकामागून एक डार्ट मारत होता, चुकत होता, परत आणून पुन्हा मारत होता. बाप त्याला हाक मारत होता. पोरगं ऐकत नव्हतं.

सांगलीच्या वाटेवर शरयू गाडी चालवत होती. तिच्या मनात केळुसकरांशी भांडण अजून चालूच होतं: कुणाकडे तक्रार करायची, ढमढेरेला कसं गाठायचं, भावाला काय काय सुनवायचं.

"मनगट दुखतंय का गं?" तिनं बऱ्याच वेळानं विचारलं. "चुकलंच माझं."

"नाही दुखत." शाल्मली खिडकीतून उसाचे फड बघत होती. थोड्या वेळानं ती म्हणाली, "आत्या, जाकीट टाकल्यावर मी जो पहिला फेकला ना, तो केसभरानं गेला."

"हो. अगदी केसभरानं."

"पण तोपर्यंत मी नऊ बघितले होते. सात पण बघितले होते." तिनं आपला उजवा हात समोर धरला आणि अनोळखी वस्तूकडे बघावं तसं त्याच्याकडे पाहिलं. "मग तो डार्ट मी चुकवला, की त्या आकड्यानं चुकवला?"

दिवसभर शरयूच्या तोंडाशी प्रत्येकाला देण्याजोगं उत्तर तयार होतं. पुढं चढ होता. तिनं गिअर बदलला.

"सांग ना," शाल्मली म्हणाली. "आता ते कधी कळणारच नाही का?"