नव्वद फ्रेम

खरं सांगायचं तर तो आमच्या दुकानात आलाच नव्हता. तो निघाला होता दोन गल्ल्या पलीकडच्या मोठ्या, चकचकीत दुकानाकडे. वाटेत पाऊस वाढला म्हणून आमच्या पत्र्याखाली थांबला, एवढंच. चार दिवस नुसती रिपरिप चालू होती, दिवसाही दिवे लावावे लागत होते. मी दार उघडलं तर समोर हा... स्वतः नखशिखांत भिजलेला, आणि रेनकोट मात्र छातीशी धरलेल्या कॉम्प्युटरला घातलेला. बटणंसुद्धा लावलेली!

"आजारी आहे का?" मी विचारलं.

"कोण?"

"रेनकोटमधलं."

त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग डब्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे... आणि मग हसला. इतकं उशिरा हसणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. पण हसला तेव्हा मनापासून हसला, आणि मी उगाचच दारातून बाजूला सरकले. "आत या. तुमचं नाही तरी त्याचं बघते."

दुकान मामाचं. मामा प्रिंटर बघतो, मी कॉम्प्युटर. मामाच्या मते जगात बिघाडाची दोनच कारणं असतात, एक धूळ आणि दुसरं मालक. तेवढं बोलून तो पुन्हा प्रिंटरमध्ये डोकं घालतो.

"लॅग आहे," भिजलेला पाहुणा स्टुलावर बसत म्हणाला. "मी बटण दाबतो आणि गोळी नंतर सुटते. म्हणजे सुटते... पण तोवर मीच मेलेला असतो."

"वाईट झालं."

"दिवसातून तीस-चाळीस वेळा होतं."

तो चष्म्याच्या कारखान्यात काचा घासायचा. सकाळची पाळी संपली की दुपारपासून गेम. कॉलेजपासूनचे पाच मित्र, सहा वर्षं एकत्र खेळणारे, आणि हा त्यांचा कॅप्टन. दर वर्षी मोठ्या स्पर्धेच्या दारापर्यंत पोचायचे आणि तिथेच आपटायचे. या रविवारी पुन्हा निवडीचा सामना होता, आणि तो शेवटचा. कारण एकाची बदली झाली होती, एकाचं लग्न ठरलं होतं, तिसऱ्याच्या घरी बाळ येणार होतं.

"पुढच्या वर्षी आम्ही पाचजण नसणार," तो म्हणाला. "रविवारपर्यंत होईल?"

"बघू."

"बघू म्हणजे?"

"बघू म्हणजे बघू. दहा वर्षांचं मशीन आहे, त्याचंही मत घ्यायला हवं."

मी डबा उघडला. आतून निघालेली धूळ बघून मामा धन्य झाला. एक स्क्रू काढून मी कॅप्टनच्या हातात दिला तर स्क्रू खाली पडला. दोघंही एकदम टेबलाखाली वाकलो आणि डोक्यावर डोकं आपटलं. "सॉरी," तो हात झटकत म्हणाला, "बोटं जरा बधिर होतात कधी कधी." मी ते ऐकलंच नाही. मी त्याच्या पापण्यांवर अडकलेलं पावसाचं पाणी बघत होते. आता वाटतं, तेव्हा जरा कमी बघायला हवं होतं आणि जास्त ऐकायला.

मंगळवारी मी जमेल ते सगळं केलं. पंखे साफ केले, प्रोसेसरवरची वाळून खडखडीत झालेली पेस्ट बदलली, जुन्या डिस्कच्या जागी वेगवान डिस्क घातली, मागे गुपचूप चालणारे अकरा प्रोग्रॅम बंद केले. मॉनिटरचा वेग तर मशीनच्या सेटिंगमध्ये वर्षानुवर्षं निम्म्यावरच होता, कुणी बघितलंच नव्हतं! दुपारी तो आला, खेळून बघायला लागला. चहा आला. मी हाक मारली.

"दोन मिनिटं," तो स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाला.

चहा थंड झाला. दुसरा मागवला. "दोन मिनिटं..." त्या दिवसापासून मामाने त्याचं नावच दोन मिनिटं ठेवलं.

"कसं वाटतंय?" शेवटी मी विचारलं.

"छान. पण... अजून मागेच आहे."

"किती?"

"केसभर."

"केसभर मला मोजता येत नाही."

मग मला युक्ती सुचली. माझ्या फोनमध्ये सावकाश व्हिडिओ निघतो, सेकंदाला दोनशे चाळीस फ्रेम. त्याचं बोट आणि स्क्रीन दोन्ही दिसतील असा फोन लावला. तो खेळला, मी काढत राहिले. तो गेल्यावर संध्याकाळी एकेक फ्रेम पुढे सरकवत मोजायला बसले. बोटाने दाबल्यापासून स्क्रीनवर गोळी दिसेपर्यंत नऊ फ्रेम. दहा वर्षांच्या मशीनने आणखी काय करायचं? मला इतका आनंद झाला की मामाला दाखवायला म्हणून व्हिडिओ मागे नेला, आणि चुकून जरा जास्तच मागे नेला. तिथे शत्रू भिंतीआडून बाहेर आला होता. आला, उभा राहिला... आणि बोट हललंच नव्हतं.

मी तिथून बोट हलेपर्यंत मोजलं. नव्वद.

मी स्वतः खेळून तसाच व्हिडिओ काढला. मला गेममधलं ओ की ठो कळत नाही, आपला कोण आणि शत्रू कोण हेही नाही. तरी माझ्या साठ आल्या.

बुधवारी मी त्याला म्हटलं, "गंमत म्हणून डाव्या हाताने खेळा ना."

"डाव्या हाताने मला नेमच धरता येत नाही."

"नेम नको. नुसतं दिसलं की दाबा."

डाव्या हाताच्या पंचावन्न आल्या. डोळे तेच, डोकं तेच, मशीन तेच. म्हणजे लॅग त्याच्या उजव्या हातात होता. सहा वर्षं काचा घासणाऱ्या, परवा स्क्रू न धरता आलेल्या हातात. मामाचं दुसरं कारण, मालक.

मी सांगायला तोंड उघडलं.

"सापडलं काही?" त्याने विचारलं. त्याच्या हातात माझा कप होता. स्वतःचा थंड झाला म्हणून त्याने न विचारता माझा उचलला होता.

"नाही," मी म्हणाले. "ग्राफिक्सचं सॉफ्टवेअर बघते. उद्या या."

का म्हणाले तसं? सांगितलं असतं तर त्याच दिवशी मशीन उचलून गेला असता, आणि तो स्टूल पुन्हा नुसता स्टूल झाला असता. गुरुवारी मी बरं असलेलं मशीन पुन्हा उघडलं. गुरुवारीच तो मला पहिल्यांदा 'तू' म्हणाला आणि इतका गडबडला की पुढचं वाक्य 'आपण'वर नेऊन ठेवलं. "आपण... तू... आपण चहा घेणार का?" मी पोट धरून हसले. शुक्रवारी मी नुसतीच केबल काढून घालत बसले होते.

"त्या डब्यात अजून काय शोधतेयस गं?" मामाने विचारलं.

"लॅग."

"सापडला?"

मी आणखी एक केबल काढली. मामाने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि प्रिंटरचं झाकण लावलं.

शनिवारी तो लवकर आला. केस विंचरलेले, शर्ट इस्त्रीचा. बाहेर पाऊस तसाच, कंटाळलेला.

"उद्या जिंकलो ना, तर तुला एक विचारणार आहे," तो म्हणाला.

"आत्ताच विचार ना."

"दोन मिनिटं..." तो हसला. "म्हणजे उद्या."

मला रडूच फुटलं. कारण उद्या तो जिंकणार नव्हता, आणि हे त्या पाचांपैकी कुणालाच माहीत नव्हतं, फक्त मला होतं. मी फोन काढून त्याच्यासमोर ठेवला. नऊ फ्रेम दाखवल्या. मग नव्वद. मग माझ्या साठ, मग त्याच्याच डाव्या हाताच्या पंचावन्न.

"मशीन ठीक आहे," मी म्हणाले. "हात दाखव डॉक्टरांना. खेळू नकोस उद्या."

तो स्वतःच्या बोटांकडे बघायला लागला. उघडली, मिटली, पुन्हा उघडली.

"कधी कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. आत्ताच, सकाळीच, काहीही. "बुधवारी."

"आज शनिवार आहे."

"हो."

"राखीव खेळाडूला तीन दिवस मिळाले असते आमच्याबरोबर."

"हो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू यायचा थांबला असतास म्हणून," मी म्हणाले. "मला तू आवडतोस म्हणून. लॅग तुझ्या हातात होता, तो मी मोजला. माझ्या तोंडातला नाही मोजला."

तो उठला. मशीन टेबलावर तसंच होतं, शेजारी घडी घातलेला रेनकोट. त्याने कशालाच हात लावला नाही. पावसात तसाच चालत गेला आणि वळणावरसुद्धा मागे बघितलं नाही.

रविवारी मी तो सामना त्याच्याच मशीनवर बघितला. त्याच्या जागी राखीव खेळाडू होता, आणि हा मागे खुर्चीत, उजवा हात मांडीखाली दाबून बसलेला. चांगले खेळले. शेवटचा डाव बरोबरीत आला. चौघं उजवीकडे वळले, आणि राखीव खेळाडू डावीकडे. एवढंच. चौघांना एकमेकांची सवय होती, त्याला नव्हती. तीन दिवसांत तेवढंच तर शिकता आलं असतं. मागच्या खुर्चीतल्या त्याने डोळे मिटून घेतले आणि मी स्क्रीन बंद केला. मामाने माझ्यासमोर चहा ठेवला. तो तसाच थंड झाला.

सोमवारी दुपारी तो दारात उभा होता. उजव्या मनगटाला पट्टा.

"रेनकोट न्यायला आलो," तो म्हणाला.

"आणि हात?"

"नस दाबली जातेय मनगटात. काचा घासून. सहा महिने खेळ बंद. नंतरही पूर्वीसारखा होईल की नाही, डॉक्टरांना सांगता येत नाही." त्याने पट्टा सारखा केला. "चौघांना सगळं सांगितलं. तुझंही."

"काय म्हणाले?"

"काहीच नाही. तेच जास्त लागलं."

मी रेनकोट पुढे केला. त्याने तो घेतला, पण हलला नाही.

"फोन लाव," तो म्हणाला.

"कशाला?"

"लाव तर. मी दिसलो पाहिजे. तू विचारायचं, मी उत्तर द्यायचं. मग मोज. मोजल्याशिवाय तुला खरं वाटत नाही ना?"

मी माऊसच्या खोक्याला टेकवून फोन लावला आणि फोनच्या मागे उभी राहिले.

"माझ्यावर राग आहे तुझा?"

"हो." शब्द संपायच्या आत.

आणखी काय विचारायचं होतं? एकच होतं.

"तरी... येशील परत?"

तो बोललाच नाही. पत्र्यावर पाऊस वाजत होता. मामाने प्रिंटर बंद केला होता. मला वाटलं, आता नाही म्हणेल. वाटलं, फोन बंद करावा, निदान ते तरी फोनमध्ये राहायला नको. मी मान खाली घातली.

"हो," तो म्हणाला.

मी वर बघेपर्यंत त्याने रेनकोट चढवला होता, या वेळी स्वतःच्या अंगावर. डाव्या हाताने बटणं लावता येईनात, तर तसाच उघडा टाकून तो पावसात उतरला. मशीन टेबलावरच राहिलं.

संध्याकाळी मी मोजायला बसले. पहिला 'हो' एकोणतीस फ्रेममध्ये आला होता. दुसऱ्याला लागल्या एक हजार नऊशे बारा. जवळजवळ आठ सेकंद. मी सगळ्या बघितल्या, एकेक पुढे सरकवत, मामा शटर ओढायला उठेपर्यंत. तेवढ्या वेळात मी मान खाली घातली होती, त्याने नाही. एक हजार नऊशे बारांपैकी एकाही फ्रेममध्ये त्याने माझ्यावरची नजर काढली नव्हती.