उघड्या टोकाची वेल

त्या सकाळी मी रांगोळी आणायला मुलुंडच्या बाजारात गेले होते. बारीक चाळलेली, स्वच्छ पांढरी रांगोळी हल्ली सहजासहजी मिळत नाही. दुकानदार रंगीत पुड्या दाखवतात, नाहीतर उंबऱ्यावर चिकटवायचे छापील कागद पुढे करतात. मी आग्रहाने हवी तीच मागून घेतली आणि दोन पुडे बांधून आणले. एक माझा, दुसरा समोरच्या मधुवंतीबाईंचा.

"नीलाताई, माझ्या डब्यात आता चिमूटभरच उरली आहे हो," असे त्यांनी आदल्या संध्याकाळी सांगितले होते. "उद्याची वेल कशीबशी निघेल. परवा माझा उंबरा बोडका!"

परतले तेव्हा दुपार झाली होती. त्यांच्या वामकुक्षीची वेळ. मी घंटी वाजवली नाही. पुडा कापडी पिशवीत घालून त्यांच्या दाराच्या कडीला अडकवला आणि माझे दार लावून घेतले.

आम्हा दोघींचा एक शिरस्ता होता, तो आधी सांगितला पाहिजे. दोघीही विधवा, दोघीही एकट्या, दारे समोरासमोर. त्यांना मूलबाळ नव्हते. नाशिकचा पुतण्या राजेश औषधपाणी पाही. माझा मुलगा सुयोग ठाण्याला उंच इमारतीत राहतो; घरखर्चाला पैसे पाठवतो आणि रोज संध्याकाळी फोन करतो. एकमेकींच्या घराची एकेक किल्ली आम्ही ठेवून घेतली होती, परंतु ऊठसूट दुसऱ्याचे दार ठोठावून "बऱ्या आहात ना?" असे विचारणे आम्हा दोघींनाही पसंत नव्हते. त्यात जिव्हाळ्यापेक्षा पाळतच अधिक वाटते. म्हणून ठरले ते असे, की पहाटे उंबरा पुसून प्रत्येकीने आपापल्या दारात रांगोळी काढायची. रांगोळी दिसली, की आतले माणूस उठले, हिंडतेफिरते आहे. चहाच्या वेळेपर्यंत दिसली नाही, तर मात्र किल्ली लावून आत जायचे.

मी ठिपके मोजून कमळ काढते. रेघ सरळ, पाकळ्या सारख्या. मधुवंतीबाई मात्र मुक्तहस्ते वेल काढत आणि तिचे शेवटचे टोक नेहमी उघडे सोडत. "टोक बंद केले, की वेल वाढायची थांबते," असे त्यांचे म्हणणे. रांगोळीला बसताना त्यांचा उजवा गुडघा काटकी मोडावी तसा कट्ट वाजे. पहाटे अंथरुणात मला तो आवाज ऐकू येई आणि मी मनाशी म्हणे, चला, समोर उजाडले.

पुडा अडकवला त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे तो आवाज आला. दार उघडले तर समोर वेल होती. त्याच्या दुसऱ्या दिवशीही होती. पुढच्या सकाळी मात्र दूध आत घेताना माझी नजर वेलीवरून वर गेली. कापडी पिशवी कडीला जशीच्या तशी लोंबत होती. तिची गाठसुद्धा मी मारलेलीच होती.

मी कितीतरी वेळ तशीच उभी राहिले. डब्यात चिमूटभरही नव्हती. मग ही वेल त्या कशाने काढीत होत्या?

किल्ली लावून दार ढकलले. आधी आला तो वास. बंद घराचा, कोमेजलेल्या फुलांचा, आणि त्यांच्याखाली आणखी एक, ज्याचे नाव मी उच्चारणार नाही. मधुवंतीबाई स्वयंपाकघराच्या दारात पडल्या होत्या. रांगोळीचा रिकामा डबा त्यांच्या हाताशी उपडा पडला होता. मी बाजारात गेले होते त्याच दिवशी त्या गेल्या, असे डॉक्टरांनी सांगितले.

सुयोग आला. मी त्याला रांगोळीचे सांगितले.

"आई, ती जुनी रांगोळी असेल गं."

"अरे, सुंदराबाई रोज उजाडायच्या आत सगळा जिना पुसतात. जुनी उरेल कशी?"

जिना झाडणाऱ्या आणि कचरा नेणाऱ्या सुंदराबाईंना त्याने बोलावून विचारले. त्या भांडुपहून येतात. बोलणे फटकळ, मन सरळ.

"आता काय सांगू, साहेब? मी पुसते. बघत कोण बसतंय, वेल आहे का कमळ? पण दोन्ही दारांत पुसायला होतं काहीतरी, एवढं खरं. आज्जी उगाच बोलायच्या नाहीत."

त्या गेल्यावर सुयोग माझ्याजवळ बसला. "हे बघ आई, दोन-दोन घरं सांभाळणं मला जड जातंय. हे घर विकू, तू आमच्याकडे चल. आणि आता तुला असं काहीबाही दिसायला लागलं, तर मी तुला इथे एकटी ठेवणारच नाही ना!"

मी लग्न होऊन आले ती या घरात. यजमानांनी याच घराचे हप्ते फेडता फेडता डोक्याचे केस पांढरे केले. माझी बरणी कोणत्या फळीवर आहे ते मला अंधारातही सापडते. दुसऱ्याच्या घरात, ते मुलाचे असले तरी, पाण्याचा पेला घेण्यापूर्वी क्षणभर थांबावे लागते. म्हणून मी एवढेच म्हणाले, "माझी पाहण्यात चूक झाली असेल. मी अगदी ठीक आहे." त्याने नाइलाजाने मान्य केले. मधुवंतीबाईंकडची माझी किल्ली सुंदराबाईंकडे गेली आणि शिरस्ता तोच राहिला.

समोरच्या दाराला राजेशने कुलूप घातले. उंबरा कोरडा राहू लागला. त्या मजल्यावर केवढी शांतता पसरली, ते सांगून कळणार नाही. दिवसभरात माझ्या कानांवर पडणारा माणसाचा आवाज म्हणजे संध्याकाळचा सुयोगचा फोन. "कशी आहेस?" "ठीक आहे." "औषध घेतलंस?" "घेतले." कधीकधी स्वतःचाच आवाज मला अनोळखी वाटे.

थंडी पडू लागली होती. एका पहाटे पाण्याचा तांब्या घेऊन मी दार उघडले, तर माझ्या उंबऱ्यापुढे रांगोळी होती.

वेल होती. शेवटचे टोक उघडे.

मी ती पुसली आणि कमळ काढले. दुसऱ्या दिवशी अंथरुणातच तो आवाज ऐकला, कट्ट... समोरून नव्हे, माझ्याच दाराशी. मग चिमटीतून रांगोळी झरण्याचा तो अगदी बारीक, कोरडा सूर. मी श्वास रोखून पडून राहिले. उजाडल्यावर पाहिले. वेल.

कोणाला सांगणार? सुयोगला सांगावे, तर त्याच दिवशी तो माझी ट्रंक भरेल. मी रोज पुसत राहिले. पुढे मात्र गुडघे फार दुखू लागले. एका सकाळी वाकताच येईना, तेव्हा मी ती वेल राहू दिली. दुसऱ्या दिवशीही राहू दिली. खरे सांगायचे, तर मला भीती वाटेनाशी झाली होती. माझ्यासाठी माझ्याआधी कोणीतरी उठते आहे, ही भावना मी किती वर्षांनी अनुभवत होते! मी चहा करताना दाराकडे पाहून हळूच म्हणे, "आज गारठा फार आहे हो, मधुवंतीबाई." उत्तर येत नसे. परंतु दाराखालच्या फटीतला उजेड क्षणभर मंद होई.

माझ्या दारात रोज रांगोळी दिसते, म्हणजे मी ठीक आहे, असे सुंदराबाई मानत होत्या. त्यांच्याकडून सुयोगही तेच मानत होता. मला त्यात काही वावगे वाटले नाही.

मग ती सकाळ आली. गुडघे जरा बरे वाटले, म्हणून उंबरा पुसायला पाण्याची लहान बादली घेऊन मी दाराकडे निघाले आणि बैठकीच्या खोलीतच पाय सरकला. कमरेत काहीतरी मोडल्याचे मी ऐकले. तो आवाज अगदी मधुवंतीबाईंच्या गुडघ्यासारखा होता, फक्त माझ्या आत. अर्धे पाणी सांडले. वेदनेने आवाज घशातच राहिला. हाक मारायचा प्रयत्न केला, तर नुसती घरघर निघाली. त्यातच खाली पाण्याची मोटर सुरू झाली आणि सारी इमारत गुणगुणू लागली.

थोड्या वेळाने जिन्यावर कचऱ्याच्या डब्यांचा खडखडाट झाला. सुंदराबाई! माझा डबा मी रात्रीच बाहेर ठेवते. त्यासाठी त्यांना घंटी वाजवावी लागत नाही. त्या दाराशी थांबल्या. कोणाशी तरी फोनवर बोलत होत्या.

"हो साहेब, आज्जी उठल्यात... नाही, दार नाही वाजवलं, त्यांना आवडत नाही ना! पण रांगोळी काढलीय की. मोठीच्या मोठी वेल काढलीय आज... हो, ठीक असणार. बरं, ठेवते."

खडखडाट वरच्या मजल्याकडे गेला.

तेव्हा मला कळले, की मधुवंतीबाईंच्या बंद दारापुढे त्या सकाळी मी कशी उभी असेन, वेल पाहून समाधानाने माघारी वळलेली. आत आणि बाहेर यांच्यामध्ये एक पांढरी रेघ होती, आणि ती रेघ माझ्या वतीने सांगत होती, की सर्व काही ठीक आहे.

कोपरांवर सरकत मी दारापर्यंत आले. कुलपाचा खटका उंच होता. तिथवर हात पोचणे शक्य नव्हते. मी बादली कलती केली आणि उरलेले पाणी तळव्याने दाराखालच्या फटीतून बाहेर लोटले. रांगोळी धुऊन गेली, तर सुंदराबाई परतताना उंबरा रिकामा पाहतील. दुसरा उपाय नव्हता.

पाणी बाहेर गेले. आणि लगेच, दाराच्या पलीकडे, माझ्या कानापासून वीतभर अंतरावर... कट्ट.

कोणीतरी खाली बसले.

मग तो सूर. झर... झर... मी पुन्हा पाणी लोटले. क्षणभर थांबून तो पुन्हा सुरू झाला. ओल्या फरशीवर रांगोळी ठरत नाही; ती विरत होती आणि पुन्हा पडत होती. घाई नव्हती, राग नव्हता. आजारी माणसाचे पांघरूण पुन्हापुन्हा सारखे करावे, तशी ती चिकाटी होती. फटीतून ओल्या पिठासारखा, आणि त्याखाली कोमेजलेल्या फुलांचा वास आला. बादली रिकामी झाली होती.

मी दाराला गाल टेकला. "मधुवंतीबाई..."

सूर थांबला.

"राहू द्या. आता राहू द्या... मी ठीक नाही हो."

इतक्या वर्षांत हे वाक्य मी कोणाजवळही बोलले नव्हते. यजमान गेले तेव्हाही नाही. मग पलीकडे गुडघा पुन्हा वाजला. कोणीतरी उठले. फटीत उजेड आला.

वरून उतरताना सुंदराबाई किंचाळल्याच. "आज्जी! अहो, रांगोळी कुठे गेली? आज्जी!" आणि कुलपात किल्ली फिरली.

त्यानंतरचे नेहमीचेच. शस्त्रक्रिया, रुग्णालय, आणि तिथून थेट सुयोगचे घर. खोली हवेशीर आहे. सूनबाई, गंधाली, मनाने चांगली आहे. तिने माझ्यासाठी दाराशी छापील रांगोळी चिकटवली आहे. पाण्याचा पेला घेण्यापूर्वी मी क्षणभर थांबते, परंतु ते कोणाच्या लक्षात येत नाही. पडल्यापासून माझा उजवा हात कापतो. चमच्यातली आमटी तोंडाशी पोचेपर्यंत निम्मी सांडते. रांगोळीला तर मी अद्याप स्पर्शही केलेला नाही.

घर विकायचे ठरले. गेल्या आठवड्यात गिऱ्हाईक पाहायला जाणार होते. त्याच सकाळी सुयोग फोन घेऊन माझ्या खोलीत आला. त्याचा चेहरा विचित्र झाला होता.

"आई, सुंदराबाईंनी फोटो पाठवलाय. विचारतायत, आज्जी परत आल्या का? त्यांच्याकडची किल्लीही आता माझ्याकडेच आहे... कुणीतरी थट्टा करत असेल, नाही का गं?"

मी चष्मा लावला. आमचा मजला. समोरासमोरची दोन बंद दारे. मधुवंतीबाईंच्या कुलपाखाली वेल, उघड्या टोकाची. आणि माझ्या दारात ठिपक्यांचे कमळ.

"तुझ्यासारखंच आहे ना अगदी?" सुयोगने विचारले.

मी फोन डोळ्यांजवळ नेला. त्या कमळाच्या पाकळ्या सारख्या नव्हत्या. आयुष्यभर मी जी रेघ सरळ ओढली, ती तिथे आरंभापासून शेवटपर्यंत कापत गेली होती. आताच्या माझ्या हाताने ओढावी, तशी.